जॅकी रॉबिन्सन आणि बेसबॉलमधील वर्णभेद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे सगळे खेळाडू पाठीवर ४२ हा एकच आकडा, म्हणजे जॅकी रॉबिन्सन यांचा क्रमांक, घेऊन मैदानात उतरतात आणि त्या सुमारास त्यांच्याविषयी विचारणा सुरू होते. वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जॅकी रॉबिन्सन कोण होते, हे थोडक्यात सांगाल का?

जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो या गावी, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. १५ एप्रिल १९४७ रोजी ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर खेळले आणि साठ वर्षांहून अधिक काळ कृष्णवर्णीयांना बंद असलेले दार उघडले. दहा हंगाम ते त्याच संघात होते. २४ ऑक्टोबर १९७२ रोजी वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२. मला बेसबॉल कळत नाही. तरी हे पान समजेल का?

समजेल. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात; फलंदाजाने क्रमाने तिन्ही बेस गाठून शेवटी आपल्या मूळ जागी, होम प्लेटवर परत यायचे, की एक धाव होते. गोलंदाज चेंडू टाकण्याच्या तयारीत असताना धावपटूने पुढचा बेस पळून गाठला तर त्याला बेस चोरणे म्हणतात, आणि ही चोरी हीच रॉबिन्सन यांची खासियत होती. फलंदाजीची सरासरी मात्र क्रिकेटसारखी मोजत नाहीत. फटका मारून सुखरूप बेस गाठण्याचे ते प्रमाण असते, ती तीन दशांश स्थळांत लिहितात आणि ०.३०० म्हणजे उत्तम समजतात.

३. कृष्णवर्णीयांना बंदी होती, म्हणजे तसा लेखी नियम होता का?

मेजर लीगच्या नियमपुस्तकात तसे एकही कलम नव्हते. हौशी क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने १८६७ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना प्रवेश नाकारला होता आणि १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगच्या संचालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार मंजूर न करण्याचे ठरवले. परंतु मेजर लीगमध्ये जे चालले ते संघमालकांमधील आपसांतल्या समजुतीने चालले. १९२० पासून या खेळाचे सर्वाधिकारी असलेले न्यायमूर्ती लँडिस यांनी तर १९४२ मध्ये, अशी कोणतीही बंदी अस्तित्वातच नाही, असे जाहीर निवेदन केले होते.

आमच्या मते या साऱ्या व्यवहारातला सर्वांत बेरकी भाग हाच आहे. नियम लेखी असता तर तो कोणी केला हे विचारता आले असते, त्याविरुद्ध दाद मागता आली असती. येथे मात्र प्रत्येक मालक "आम्हाला योग्य खेळाडू मिळत नाही" एवढेच म्हणे आणि दुसऱ्याकडे बोट दाखवी. बंदीची रेषा कातडीच्या छटेवर किती अवलंबून होती हेही लक्षात घ्यावे: १९११ मध्ये सिनसिनाटी संघाने राफाएल आल्मेइदा आणि आर्मांदो मार्सान्स या दोन क्यूबन खेळाडूंना घेतले, कारण ते गोरे म्हणून खपले. त्यांच्याहून सावळ्या क्यूबन खेळाडूंना दार बंदच राहिले.

४. मग रॉबिन्सन हे मेजर लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, हे विधान बरोबर आहे का?

काटेकोरपणे पाहता नाही. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हे टोलेडो संघाचे यष्टिरक्षकासारखे काम करणारे खेळाडू, म्हणजे कॅचर होते आणि तो संघ त्या वर्षी मेजर लीग दर्जाच्या अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळत होता. त्यांचे बंधू वेल्डी हेही त्याच हंगामात काही सामने खेळले. त्यांच्याही आधी, १८७९ मध्ये, विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचे खेळाडू प्रॉव्हिडन्स संघाकडून एक सामना खेळल्याची नोंद आहे. त्यांची आई गुलामगिरीत होती, मात्र ते स्वतः गोरे म्हणून वावरत. म्हणून "आधुनिक काळातील पहिले" असे म्हणणे योग्य. घाईत लिहिलेल्या लेखांत हा "आधुनिक" शब्द हमखास गळतो आणि वॉकर बंधू दुसऱ्यांदा संघाबाहेर जातात.

५. ब्रुकलिनला येण्यापूर्वी ते काय करत होते?

वडील घर सोडून गेल्यावर आई मॅली पाच मुलांना घेऊन १९२० मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे आली आणि घरकाम करून तिने मुले वाढवली. थोरले बंधू मॅक हे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्स यांच्या मागोमाग दुसरे आले. जॅकी स्वतः लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, मैदानी खेळ आणि बेसबॉल या चारही प्रकारांत विद्यापीठाचे मानचिन्ह मिळवणारे पहिले विद्यार्थी ठरले. गंमत म्हणजे या चारांपैकी बेसबॉल हा तेथे त्यांचा सर्वांत कच्चा खेळ होता.

१९४२ मध्ये ते सैन्यात भरती झाले आणि पुढच्या वर्षी सेकंड लेफ्टनंट झाले. ६ जुलै १९४४ रोजी टेक्सासमधील कॅम्प हूड येथे ते लष्करी बसमध्ये एका सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीशेजारी बसले होते. चालकाने त्यांना मागे जाऊन बसायला सांगितले. लष्करी वाहनांत असा भेद करू नये असा आदेश निघालेला आहे हे रॉबिन्सन यांना ठाऊक होते, आणि ते जागचे हलले नाहीत. पुढे लष्करी पोलीस आले, शब्दाला शब्द वाढला आणि वरिष्ठांचा अवमान व आज्ञाभंग केल्याचा आरोप ठेवून त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरण्यात आला. ऑगस्टमध्ये ते निर्दोष सुटले. बसमधील वर्णभेदाविरुद्ध झालेल्या मॉन्टगमेरीच्या प्रसिद्ध बस बहिष्काराच्या अकरा वर्षे आधीची ही घटना आहे. १९४५ मध्ये ते कॅन्सस सिटी मोनार्क्स या नीग्रो लीगमधील, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमधील संघात महिना ४०० डॉलरवर खेळू लागले.

६. ब्रँच रिकी यांनी रॉबिन्सन यांनाच का निवडले? आणि हे तत्त्वासाठी केले की पैशासाठी?

डॉजर्सचे अध्यक्ष रिकी यांनी २८ ऑगस्ट १९४५ रोजी रॉबिन्सन यांना ब्रुकलिनमधील आपल्या कचेरीत बोलावले आणि ती भेट सुमारे तीन तास चालली. रिकी खोली नाकारणारा हॉटेलातला कारकून झाले, जेवण नाकारणारा वाढपी झाले, मुद्दाम अंगावर येणारा प्रतिस्पर्धी खेळाडू झाले, आणि अंगातला कोट काढून रॉबिन्सन यांच्या तोंडापुढे मूठ नाचवत शिव्या देऊ लागले. हे सगळे प्रत्यक्षात होणार आहे, आणि तू हात उचललास तर केवळ तूच नव्हे तर तुझ्यामागून येणारा प्रत्येक जण बाद होईल, असे त्यांचे म्हणणे होते. रॉबिन्सन यांनी अट मान्य केली. ती अट किती काळ टिकली, हे प्रश्न ९ मध्ये पाहावे.

नीग्रो लीगमध्ये सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची कीर्ती त्या वेळी रॉबिन्सन यांच्याहून कितीतरी मोठी होती, पण पेज चाळिशीला टेकले होते आणि गिब्सन यांची प्रकृती ढासळत होती. रॉबिन्सन २६ वर्षांचे होते, शिकलेले होते, गोऱ्या खेळाडूंबरोबर विद्यापीठात खेळले होते, दारूला शिवत नव्हते. त्यांचे नाव रिकी यांच्या कानी घालणाऱ्यांत पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा पत्रकार वेंडेल स्मिथ होते. त्यांचा वाटा नेहमी एका ओळीत उरकला जातो, हा अन्यायच म्हणावा लागेल.

हेतूविषयी बोलायचे तर दोन्ही उत्तरे खरी आहेत. रिकी धार्मिक वृत्तीचे होते आणि भेदभावाची त्यांना चीड होती, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते. त्याचबरोबर स्वस्तात मिळणारे उत्तम खेळाडू आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांची तिकीटविक्री हा हिशेबही त्यांनी केला होता. मोनार्क्सकडून रॉबिन्सन यांना घेताना त्यांनी त्या संघाला एक पैसाही दिला नाही. शिवाय न्यूयॉर्क राज्याने १९४५ मध्येच नोकरीतील वर्णभेदाविरुद्ध कायदा केला होता, त्यामुळे वारे कोणत्या दिशेने वाहत आहे हे चाणाक्ष माणसाला दिसत होते.

७. १५ एप्रिल १९४७ रोजी प्रत्यक्ष सामन्यात काय झाले?

खरे सांगायचे तर फलंदाज म्हणून विशेष काही नाही. एबट्स फील्ड मैदानावर बोस्टन ब्रेव्हजविरुद्ध सामना होता, प्रेक्षक २६,६२३ होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय असावेत असा अंदाज केला जातो. रॉबिन्सन यांना पहिल्या बेसवर उभे केले होते, ही त्यांची नेहमीची जागा नव्हती. त्यांचा एकही फटका यशस्वी ठरला नाही. सातव्या डावात त्यांनी चेंडू हलकेच पुढ्यात ढकलला आणि ते पळत सुटले. घाईत फेकलेला चेंडू त्यांच्या पाठीवर आदळून दूर गेला, ते दुसऱ्या बेसवर पोहोचले आणि पीट रीझरच्या फटक्यावर त्यांनी धाव पुरी केली. डॉजर्सनी सामना ५-३ असा जिंकला.

खेळाचीच कमाल पाहायची असेल तर एक वर्ष मागे जावे. १८ एप्रिल १९४६ रोजी डॉजर्सच्या दुय्यम संघाकडून, म्हणजे कॅनडातील मॉन्ट्रियल रॉयल्सकडून, जर्सी सिटी येथे खेळताना त्यांनी पाचपैकी चार वेळा यशस्वी फटके मारले, त्यांत एक होम रन, म्हणजे चेंडू मैदानापार धाडणारा फटका होता, दोन बेस चोरले आणि चार धावा केल्या.

८. सहकारी आणि प्रतिस्पर्धी त्यांच्याशी कसे वागले? पी वी रीज यांनी खांद्यावर हात टाकल्याचा प्रसंग खरा आहे का?

१९४७ च्या वसंतात डॉजर्सच्या काही खेळाडूंनी त्यांच्याविरुद्ध अर्ज फिरवायला घेतला होता. संघाचे व्यवस्थापक, म्हणजे मैदानावर संघ चालवणारे मुख्य प्रशिक्षक, लिओ ड्युरोशर यांनी मध्यरात्री संघाला उठवून तो प्रकार मोडून काढला. हंगाम सुरू झाल्यावर फिलाडेल्फिया संघाचे व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्यांच्या खेळाडूंनी रॉबिन्सन यांच्यावर वर्णावरून इतक्या गलिच्छ शिव्यांचा भडिमार केला, की रॉबिन्सन यांच्या विरोधात असलेले डॉजर्सचे खेळाडूही त्यांच्या बाजूने उभे राहिले. मे महिन्यात सेंट लुइसचे खेळाडू संप करणार असल्याची बातमी न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनने फोडली. धमकीची पत्रे येत होती, काही शहरांत संघाच्या हॉटेलात त्यांना प्रवेश नव्हता.

रीज यांच्या प्रसंगाविषयी सावध राहावे. डॉजर्सच्या या गोऱ्या खेळाडूने शिव्या देणाऱ्या प्रेक्षकांसमोर रॉबिन्सन यांच्या खांद्यावर हात ठेवला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते आणि ब्रुकलिनमध्ये २००५ पासून तिचा पुतळाही उभा आहे. परंतु कोणी १९४७ आणि सिनसिनाटी सांगते, कोणी १९४८ आणि बोस्टन, आणि त्या काळच्या वृत्तपत्रांत तिला ठोस आधार सापडत नाही. दोघांची मैत्री मात्र निःसंशय खरी होती.

९. रॉबिन्सन अपमान गिळून गप्प बसणारे, शांत स्वभावाचे होते ना?

हा सर्वांत रूढ आणि आमच्या मते सर्वांत चुकीचा समज आहे. कॅम्प हूडच्या बसमध्ये न उठणारा माणूस (प्रश्न ५) मुळात तापट आणि स्पष्टवक्ता होता. १९४७ आणि १९४८ मधली त्यांची शांतता हा स्वभाव नव्हता, रिकी यांच्याशी ठरलेल्या सौद्याची ती अट होती. १९४९ पासून ती अट त्यांच्यावर उरली नाही. त्यानंतर ते पंचांशी वाद घालू लागले, चुकीच्या वागणुकीवर तेथल्या तेथे बोलू लागले, आणि ज्या पत्रकारांनी कालपर्यंत त्यांच्या संयमाची आरती केली होती त्यांतलेच काही जण त्यांना उद्धट म्हणू लागले. त्याच १९४९ च्या हंगामात त्यांची फलंदाजी सर्वांत बहरली, ही नोंद येथे करून ठेवतो. संयमी रॉबिन्सन यांचे चित्र लोकप्रिय राहिले, कारण ते कोणालाच अडचणीचे नव्हते.

१०. केवळ इतिहासासाठी त्यांचे नाव घेतले जाते, की खेळाडू म्हणूनही ते मोठे होते?

दुसरे विधान अधिक खरे आहे. १९४७ मध्ये त्यांनी २९ बेस चोरून नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांपैकी डॉजर्सच्या विभागात, पहिला क्रमांक मिळवला आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी तो त्यांना मिळाला. १९४९ मध्ये ०.३४२ ही नॅशनल लीगमधील सर्वोच्च सरासरी, ३७ चोरलेले बेस आणि सर्वांत मौल्यवान खेळाडूचा सन्मान असे सारे एकाच हंगामात त्यांच्या वाट्याला आले. होम प्लेट चोरणे हे बेसबॉलमधले अत्यंत अवघड धाडस. ते त्यांनी कारकिर्दीत १९ वेळा साधले. १९५५ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेच्या, पहिल्या सामन्यात न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध केलेली होम प्लेटची चोरी सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि आपण त्यांना बाद केले होते हे कॅचर योगी बेरा अखेरपर्यंत सांगत राहिले. ती स्पर्धा ब्रुकलिनने जिंकली. १९६२ मध्ये, पात्र झाल्यावर पहिल्याच मतदानात, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. एवढे सगळे करणाऱ्या माणसाला पदार्पणाच्या वेळी २८ वर्षे झालेली होती, हे विसरू नये.

११. दार उघडल्यावर नीग्रो लीगचे काय झाले?

ती ओस पडत गेली. रूब फॉस्टर यांनी १९२० मध्ये स्थापन केलेल्या पहिल्या नीग्रो नॅशनल लीगपासून कृष्णवर्णीयांनी स्वतःचे संघ, मालक, पंच आणि प्रेक्षकवर्ग असा मोठा व्यवसाय उभा केला होता. चांगले खेळाडू मेजर लीगमध्ये जाऊ लागले तसे प्रेक्षकही त्यांच्यामागे गेले आणि त्याच नावाची दुसरी लीग १९४८ च्या हंगामानंतर बंद पडली. खेळाडूंना न्याय मिळाला, पण कृष्णवर्णीय संघमालकांना आणि व्यवस्थापकांना मेजर लीगमध्ये कोणी बोलावले नाही. नेवार्क संघाच्या मालक एफा मॅनली यांना लॅरी डोबी यांच्या बदल्यात क्लीव्हलंडकडून १५,००० डॉलर मिळाले. अनेकांना तेवढेही मिळाले नाहीत.

१२. १९४७ नंतर सगळ्या संघांनी लगेच कृष्णवर्णीय खेळाडू घेतले का?

नाही. लॅरी डोबी ५ जुलै १९४७ रोजी क्लीव्हलंडकडून अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दुसऱ्या विभागात उतरले, तेही तेवढाच छळ सोसत. परंतु सोळाही संघ खुले व्हायला बारा वर्षे लागली. शेवटचा संघ बोस्टन रेड सॉक्स, ज्याने २१ जुलै १९५९ रोजी पम्प्सी ग्रीन यांना उतरवले. तोवर रॉबिन्सन यांना निवृत्त होऊन अडीच वर्षे झाली होती. याच बोस्टन संघाने एप्रिल १९४५ मध्ये रॉबिन्सन यांची चाचणी घेतली होती आणि नंतर त्यांना काहीही कळवले नाही.

१३. इतर व्यावसायिक खेळांतही बेसबॉलनंतरच बदल झाला का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक वर्ष आधी झाला. १९३४ पासून नॅशनल फुटबॉल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतले. हे दोघे विद्यापीठात रॉबिन्सन यांच्याच संघात खेळले होते. बास्केटबॉलमध्ये अर्ल लॉइड यांचे पदार्पण १९५० मध्ये आणि आइस हॉकीत विली ओ'री यांचे १९५८ मध्ये झाले.

१४. निवृत्तीनंतर ते राजकारणात होते का? निक्सन यांना पाठिंबा दिला हे खरे का?

खरे आहे. डिसेंबर १९५६ मध्ये डॉजर्सनी त्यांना कट्टर प्रतिस्पर्धी जायंट्स संघाकडे सोपवण्याचा व्यवहार केला, पण त्यांनी त्याआधीच एका कॉफी कंपनीत उपाध्यक्षपद स्वीकारून खेळ सोडण्याचे ठरवले होते. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी केनेडींऐवजी निक्सन यांचा प्रचार केला. नागरी हक्कांबाबत निक्सन अधिक विश्वासार्ह आहेत असे त्यांना वाटले होते. पुढे त्यांचा भ्रमनिरास झाला आणि १९६८ मध्ये त्यांनी निक्सन यांना विरोध केला. १९४९ मध्ये संसदेच्या समितीपुढे गायक पॉल रोबसन यांच्या विधानांविरुद्ध दिलेल्या साक्षीबद्दलही त्यांना उतारवयात खेद वाटत असे. त्या साक्षीत अमेरिकेतील वर्णभेदावर त्यांनी ओढलेले कोरडे मात्र बातम्यांत मागे पडले. त्यांनी मार्टिन लूथर किंग यांच्या चळवळीसाठी निधी जमवला आणि हार्लेममध्ये १९६४ च्या सुमारास कृष्णवर्णीयांच्या मालकीची फ्रीडम नॅशनल बँक उभी करण्यात पुढाकार घेतला.

१५. पळवणकर बाळू यांना "भारताचे जॅकी रॉबिन्सन" म्हणावे का?

साम्य आहे, पण क्रम उलटा आहे. रॉबिन्सन यांचा जन्म होण्यापूर्वीच बाळूंची कारकीर्द बहुतांशी होऊन गेली होती. चांभार समाजातले बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. त्यांची डावखुरी फिरकी पाहून हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांच्याच हातचा चेंडू घेत, आणि चहाच्या वेळी बाळूंना मात्र पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

फरकही मोठा आहे. रॉबिन्सन यांना संघाबाहेर ठेवले होते. बाळूंना संघात घेऊन पंगतीबाहेर ठेवले. शिवाय ते क्रिकेट हौशी होते, त्यात करार आणि वेतनाचा प्रश्न नव्हता. तेव्हा तुलना करावी, उपाधी देऊ नये, असे आमचे मत.

१६. ४२ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला आहे, मग १५ एप्रिलला सगळे तो कसा घालतात? आणि २०१३ पर्यंत एक खेळाडू तो रोज कसा घालत होता?

१५ एप्रिल १९९७ रोजी हा क्रमांक सर्व संघांसाठी निवृत्त करण्यात आला, म्हणजे तो नव्याने कोणालाही न देण्याचे ठरले, मात्र त्या दिवशी जे खेळाडू तो आधीपासून वापरत होते त्यांना तो ठेवण्याची सवलत मिळाली. त्यांतले शेवटचे यांकीजचे मारियानो रिवेरा २०१३ मध्ये निवृत्त झाले. जॅकी रॉबिन्सन दिन २००४ पासून पाळला जातो. २००७ मध्ये केन ग्रिफी धाकटे यांनी त्या एका दिवसापुरता ४२ घालण्याची परवानगी मागितली, इतरही पुढे आले, आणि २००९ पासून त्या दिवशी मैदानावरील सर्वांच्या पाठीवर तोच आकडा असतो.

१७. कृष्णवर्णीय व्यवस्थापक पाहण्याची त्यांची इच्छा पूर्ण झाली का?

त्यांच्या हयातीत नाही. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे वर्ल्ड सिरीजच्या वेळी त्यांचा सत्कार झाला. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेलेली होती. आभार मानून झाल्यावर, एखादा कृष्णवर्णीय माणूस संघाचे व्यवस्थापन करताना दिसेल तेव्हा आपल्याला अधिक आनंद होईल, असे त्यांनी तेथेच सुनावले. नऊ दिवसांनी ते गेले. फ्रँक रॉबिन्सन (आडनाव एक, नाते नाही) १९७५ मध्ये क्लीव्हलंडचे व्यवस्थापक झाले.

१८. त्यांची सरासरी कुठे ०.३११ तर कुठे ०.३१३ दिसते. बरोबर कोणती?

दोन्ही. ०.३११ ही डॉजर्सच्या दहा हंगामांची सरासरी आहे. मेजर लीगने २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधील सात नीग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. त्यामुळे मोनार्क्सकडून १९४५ मध्ये खेळलेले सामनेही रॉबिन्सन यांच्या नावावर जमा झाले आणि सरासरी ०.३१३ झाली. याच बदलामुळे सर्वकालीन सरासरीत टाय कॉब यांना मागे टाकून ०.३७२ सह जॉश गिब्सन पहिल्या क्रमांकावर आले. जुन्या पुस्तकातून आकडा घेत असाल तर तो कोणत्या वर्षीच्या नोंदीतला आहे, हे सोबत लिहावे.